राब का भाजतात?

गेले तीन-चार वीकेंड मी एका जुन्या भांडणाच्या मागे लागलोय. भांडण आहे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं, जुन्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यातलं. विषय काय, तर भाताचं रोप जिथे पेरतात तो जमिनीचा तुकडा आधी भाजायचा की नाही. ऐकायला किरकोळ वाटतं ना? मलाही वाटायचं. पण याच विषयावरून मी एकदा घरात सपशेल तोंडावर आपटलोय, त्यामुळे त्यात माझा वैयक्तिक इंटरेस्ट आहे. आधी ती फजिती सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. घरची भातशेती थोडीच. पाच खाचरं आणि वर डोंगराकडे चढत गेलेली वरकस जमीन, जिच्यात पूर्वी नाचणी-वरी व्हायची आणि आता नुसतं गवत होतं. शेती काका बघतात. मी पुण्यात हापिसात बसून कोड लिहितो आणि घरचे तांदूळ डब्यात भरून नेतो, एवढाच माझा शेतीशी संबंध.

ज्यांचा तेवढाही नाही त्यांच्यासाठी राब म्हणजे काय ते सांगतो. कोकणात भात थेट शेतात पेरत नाहीत. आधी एका छोट्या तुकड्यात दाट पेरून रोप तयार करतात आणि तीन-साडेतीन आठवड्यांनी ते उपटून, मुठी बांधून, चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. हीच ती लावणी, जिचे फोटो दर जुलैत पेपरात येतात. रोपाचा तुकडा साधारण शेताच्या एक दशांश. म्हणजे हेक्टरभर भात लावायचं तर दहा गुंठ्यांत रोप करायचं. फोटो कोणी काढत नाही ते या दहा गुंठ्यांच्या तयारीचे. ती तयारी मार्च-एप्रिलपासून चालू होते. आधी जमिनीवर शेणाचा थर. त्यावर टाहाळ, म्हणजे ऐन वगैरे झाडांच्या पाल्यासकट छाटलेल्या डहाळ्या. त्यावर गवत, पातेरा, पेंढा. आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर, आग धडधडून पेटू नये म्हणून. मग वारा पडलेला बघून, वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात. अशी आग सावकाश, धुमसत पुढे सरकते. याला राब भाजणं म्हणतात. पुढे काही गावांत त्याला दाढ म्हणतात, तळकोकणात भाजावळ म्हणतात. उन्हाळ्यात कर्जत लोकलमधून बाहेर बघितलंत तर काळे चौकोन दिसतील. तेच.

आता माझी फजिती. २०२० चा मार्च. मी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. लॉकडाउन लागला तेव्हा मी योगायोगाने घरी होतो आणि तिथेच अडकलो. दिवसभर माळ्यावर बसून कॉल, संध्याकाळी अंगणात ज्ञानवाटप. पर्यावरणाबद्दल काहीबाही वाचलेलं डोक्यात ताजं होतं. मी काकांना म्हटलं, "काका, हे राब-बिब बंद करा. झाडं छाटायची, शेण जाळायचं, धूर करायचा, आणि शेवटी काय, मूठभर राख! शेण तसंच घाला की. खत म्हणून जास्त उपयोग होईल. वर थोडा युरिया टाकू."

गणित मला अगदी उघड दिसत होतं. शेण जाळलं की त्यातला नत्र हवेत जातो. हे शाळेच्या रसायनशास्त्रातही बसतं. काका काही बोलले नाहीत. त्या वर्षी टाहाळ तोडायला माणसंही मिळत नव्हती, त्यामुळे त्यांनाही थोडी सोय वाटली असावी. आजी मात्र पडवीतून म्हणाली, "लेकराला पाजायचं सोडून घराला पाजायला निघालाय हा." मला तिचं बोलणं कळलं नाही आणि मी ते हसण्यावारी नेलं.

पुढचं थोडक्यात. आम्ही राब भाजला नाही. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, ते सगळ्यांनाच आलं. युरियाची पिशवी उशिरा मिळाली, आणि टाकल्यावर दोन दिवसांत मुसळधार पावसाने वाहून गेली. पंचवीस दिवसांनी शेजारच्या तात्यांचं राबावरचं रोप वीतभर उंच, काळपट हिरवं झालं होतं. आमचं चार बोटं, पिवळट, आणि निम्मं तण. तात्यांनी स्वतःची लावणी झाल्यावर उरलेलं रोप आम्हाला दिलं, पण ते सगळ्या शेताला पुरण्यासारखं नव्हतं. त्या वर्षी पाचपैकी दोन खाचरं पडीक राहिली. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत, हे सगळ्यात जास्त लागलं. हापिसात असं काही झालं असतं तर निदान रूट कॉज ॲनालिसिसची मीटिंग तरी झाली असती.

ती मीटिंग मी आता घेतोय. सहा वर्षं उशिरा.

*

शोधायला लागल्यावर पहिला धक्का बसला तो असा की माझा युक्तिवाद माझा नव्हताच. जवळजवळ तोच युक्तिवाद इंग्रज सरकारच्या जंगल खात्याने १८७०-८० च्या दशकांत केला होता.

पार्श्वभूमी अशी. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि पुढच्या काही वर्षांत ती घाट चढून गेली. रेल्वेला स्लीपर हवेत, मुंबईला सरपण हवं, इमारतींना सागवान हवं. जवळचं जंगल कुठलं, तर ठाणे-कुलाब्याचं. तेव्हा आमचा कर्जत तालुकाही ठाणे जिल्ह्यात होता. १८७८ साली भारतीय वन कायदा आला आणि कुठलं जंगल राखीव, कुठलं संरक्षित, कोणाला त्यात काय करता येईल, हे सरकार ठरवायला लागलं. आतापर्यंत ज्या झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जायच्या, त्या छाटणं आता परवानगीचा किंवा गुन्ह्याचा विषय झाला.

जंगल खात्याच्या दृष्टीने बघितलं तर राब म्हणजे निव्वळ नासाडी. चांगली वाढती झाडं दरवर्षी ओरबाडायची, त्यांचा खराटा करायचा, आणि तो पाला जाळून टाकायचा! शिकलेल्या माणसाला हे पटणं शक्यच नव्हतं. आणि ते सगळंच चूक बोलत होते असंही नाही. दरवर्षी बेसुमार छाटलेला ऐन खरोखरच खुरटतो, हे डोंगरावर जाऊन कोणीही बघू शकतं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही राबाचं वर्णन भातशेतीचा नेहमीचा भाग म्हणून आलंय. महसूल खात्यालाही ही गोष्ट माहीत होती, कारण वरकस जमिनीचा हिशेब भातशेतीला जोडूनच व्हायचा. खाली खाचर, वर वरकस. खालच्या भाताला लागणारा पाला आणि गवत वरून यायचं. म्हणजे एक सरकारी खातं ज्या व्यवस्थेवर सारा घेत होतं, त्याच व्यवस्थेवर दुसरं खातं गुन्हे नोंदवत होतं. (मोठ्या कंपनीत काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.)

तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारने एक वन आयोग नेमला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलविषयक गाऱ्हाण्यांची चौकशी हे त्याचं काम. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला, तोही अनेक खंडांत. राबासाठी टाहाळ तोडायची मुभा हा त्यातल्या मोठ्या वादांपैकी एक होता. मला गंमत वाटते ती याची की दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या, आणि मूळ प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. भाजल्याने नक्की होतं काय? शेतकरी म्हणायचा, होतं बाबा, बापजाद्यांपासून बघतोय. जंगल खातं म्हणायचं, ही अडाणी सवय आहे. अनुभव एका बाजूला, अधिकार दुसऱ्या बाजूला. कारण कोणालाच सांगता येत नव्हतं.

*

याच काळात शेती खात्याने राबावर प्रत्यक्ष प्रयोग करून बघायला सुरुवात केली. खात्याचे संचालक ई. सी. ओझान यांनी त्यात लक्ष घातलं होतं. शेतकरी म्हणतो त्यात तथ्य आहे, एवढं त्यातून दिसायला लागलं.

मग आले डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर. हे इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ. भारतातली शेती कशी सुधारावी हे सांगायला त्यांना १८८९ च्या अखेरीस इकडे पाठवलं. हे गृहस्थ वर्षभर देशभर हिंडले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारची अपेक्षा असावी की साहेब येऊन चार सुधारणा सांगेल. साहेबाने लिहिलं ते असं, की इथला चांगला शेतकरी सरासरी ब्रिटिश शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत त्याच्याहून सरस आहे, आणि इथे उपयोगी सूचना करण्यापेक्षा इंग्लंडच्या शेतीत सुधारणा सुचवणं सोपं जाईल. कन्सल्टंटने क्लायंटला असं लेखी देणं दुर्मिळच! राबाचीही त्यांनी दखल घेतली, ती अडाणीपणा म्हणून झटकून टाकली नाही. त्यांचा मोठा मुद्दा सरपणाचा होता. लोकांना लाकूड मिळत नाही म्हणून ते शेण जाळतात, तेव्हा जंगलांनी शेतीला सरपण आणि चारा पुरवावा, हे त्यांनी ठासून मांडलं. पुढे १८९४ च्या वनधोरणात शेतीच्या गरजांना जागा देण्याची भाषा आली. कागदावर तरी.

पण "का" हा प्रश्न अजून शिल्लक होता. तो सोडवणाऱ्या माणसाचं नाव वाचून मी खुर्चीतून उठलो. डॉ. हॅरॉल्ड मॅन.

का उठलो ते सांगतो. मी राहतो पिंपळे सौदागरला. नवव्या मजल्यावर, खाली मॉल, शेजारी आणखी नववे मजले. हॅरॉल्ड मॅन १९०७ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि पुढे दहा वर्षांनी त्यांनी दख्खनच्या एका खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्याला भारतातल्या ग्राम-अभ्यासांमध्ये आजही मान आहे. ते खेडं म्हणजे आमचं पिंपळे सौदागर! १७७१ साली इथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, हा त्यातला सगळ्यात गाजलेला आकडा. आज माझ्या नावावर ६५० स्क्वेअर फूट आहेत, तेही बँकेचे. असो.

तर मॅन यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या दोन सहकाऱ्यांबरोबर पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर अभ्यास केला. तो १९१२ साली सरकारी शेती खात्याच्या रसायनशास्त्राच्या मालिकेत प्रसिद्ध झाला. या तिघांचं मला सगळ्यात काय आवडलं, तर त्यांनी प्रश्नाची फोड केली. राब भाजला की एकाच वेळी बऱ्याच गोष्टी होतात. राख मिळते. माती तापते. तणाचं बी मरतं. मातीचा पोत बदलतो. मग रोप चांगलं येतं ते नक्की यातल्या कशामुळे? डीबगिंग करताना आपणही हेच करतो ना? सगळं एकदम बदललं तर बग गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही. एकेक गोष्ट वेगळी काढून बघावी लागते.

निष्कर्ष असा निघाला की राखेचा वाटा आहेच, पण निव्वळ माती तापण्याचाही मोठा वाटा आहे. तापलेल्या मातीत रोपाला उचलता येतील अशी विरघळणारी द्रव्यं वाढतात. म्हणजे राब हे नुसतं खत घालणं नव्हे. सरपण, पाला आणि शेण हे इंधन आहे, आणि खरी क्रिया खाली, मातीच्या वरच्या काही बोटांत घडते. "मूठभर राख" म्हणून मी जी टिंगल केली होती, तिच्यात मी खालच्या मातीकडे बघितलंच नव्हतं. सावकाश धुमसणारी आग, वरचा मातीचा थर, वाऱ्याची उलट बाजू, हे सगळे सोपस्कार उष्णता वर उडून न जाता खाली मुरावी म्हणून होते.

*

तापलेल्या मातीत अन्न कुठून येतं? त्याची गोष्ट इंग्लंडमध्ये चालू होते. मॅन यांच्या अभ्यासाच्या तीन वर्षं आधी, १९०९ साली, रोथमस्टेडच्या संशोधन केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवलं होतं की माती तापवली किंवा तिच्यावर टोल्युइनसारख्या रसायनाचा प्रयोग केला की तिच्यात अमोनिया वाढतो आणि पीक जोमाने येतं. त्यांना वाटलं, मातीतले प्रोटोझोआ जिवाणूंना खातात. उष्णतेने हे खाणारे मरतात आणि उरलेले जिवाणू मोकाट कामाला लागतात. कल्पना सुंदर होती, पण पुरी पडली नाही. १९६० च्या दशकात रोथमस्टेडच्याच डेव्हिड जेन्किन्सन यांनी जास्त साधं उत्तर दिलं: मेलेले सूक्ष्मजीव हेच खत. मातीत कोट्यवधी जीव नत्र आपल्या शरीरात अडकवून बसलेले असतात. ते मेले की उरलेले त्यांना खातात आणि अडकलेला नत्र मोकळा होतो. तो काही आठवडे पुरतो.

काही आठवडे! रोपाला हवे असतात तेवढेच.

इथे मला आजीचं वाक्य सहा वर्षांनी कळलं. भाताच्या दाण्यात पिल्लासाठी शिदोरी बांधून दिलेली असते. ती साधारण तिसऱ्या पानापर्यंत, म्हणजे दोनेक आठवडे पुरते. त्यानंतर रोपाला स्वतःच्या मुळांनी कमवावं लागतं, आणि मुळं तर अजून जेमतेम बोटभर असतात. माती सकस असेल तर चालून जातं. पण आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जे विरघळतं ते वाहून जातं. दक्षिणेकडे जांभ्याच्या लाल मातीत तर आणखी एक पेच आहे. तिथे लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला असं घट्ट धरून ठेवतात की तो मातीत असूनही रोपाला मिळत नाही. बँकेत पैसे आहेत पण एटीएम बंद.

आणि गंमत पुढे आहे. लावणी झाली की खाचरात पाणी साठतं. पाण्याखालच्या मातीत हवा नाही, त्यामुळे लोहाचं रूप बदलतं आणि त्याने धरलेला स्फुरद बराचसा सुटतो. म्हणजे पुढे, मोठ्या शेतात, भाताची स्वतःची सोय थोडीफार होते. खरी उपासमार असते ती पहिल्या तीन आठवड्यांत, उथळ, पाणी न साठणाऱ्या दाढीत. राबाचं सगळं इंधन त्या दहा गुंठ्यांवर, त्या तीन आठवड्यांसाठी खर्च होतं. डोंगरभरचा पाला, गोठ्यातलं शेण, सगळं एका पाळण्याभोवती गोळा केलेलं. शंभर गुंठ्यांवर पसरलं असतं तर कुठे गेलं ते दिसलंही नसतं. मी शेताला खायला घालायचा हिशेब करत होतो. आजी रोपाचा करत होती.

नत्र जळतो हे माझं म्हणणं खोटं नव्हतं. शेणातला बराचसा नत्र हवेत जातोच. फक्त त्या व्यवहारात रोपाला मिळत काय होतं ते मी मोजलं नव्हतं: तापलेल्या मातीतला नत्र, राखेतलं पालाश आणि स्फुरद, मेलेलं तणाचं बी. आणि युरिया? तो एका पावसात वाहून जातो हे मी स्वतःच बघितलं.

जाता जाता एक योगायोग. इंग्लंडमधल्या वोबर्नच्या प्रयोगशेतीवर व्होल्कर यांनी अनेक वर्षं काम पाहिलं. मॅन भारतातून परतल्यावर १९२८ पासून त्याच वोबर्नला काम करू लागले. आणि रोथमस्टेडच्या रसेल यांनी १९३६ साली वोबर्नच्या पन्नास वर्षांच्या प्रयोगांवर पुस्तक लिहिलं, ते व्होल्कर यांच्याबरोबर. जगाच्या एका कोपऱ्यात ही तीन माणसं एकाच शेताच्या बांधावर येऊन गेली. कधीतरी चहा पिताना त्यांच्यात ठाण्याच्या राबाचा विषय निघाला असेल का, असा विचार मनात येतो.

*

मग आज काय? राब भाजत राहावा का? मी आता सल्ला द्यायच्या बाबतीत जरा भित्रा झालोय, त्यामुळे फक्त काय काय झालंय ते सांगतो.

कोकणातलेच शास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेती मांडली. तिचं पहिलंच सूत्र रोपाशी येऊन थांबतं: भाताच्या तुसाची काळी राख गादीवाफ्याच्या मातीत मिसळा. तुसाच्या राखेत मुख्यतः सिलिका असते. ती मिळाली की रोप ताठ उभं राहतं, रोग-किडीला दाद देत नाही. शिवाय भातगिरणीबाहेर तुसाचे ढीग पडलेलेच असतात, त्यासाठी ऐनाला हात लावावा लागत नाही. बाकीची सूत्रं म्हणजे गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडणं, ठरावीक अंतरावर लावणी, आणि दर चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची खताची एक गोळी खोल खोचणं. पावसात वाहून जाणाऱ्या युरियाला हे उत्तर.

तिकडे २०१२ साली फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या आणि जपानी शास्त्रज्ञांनी 'कसलथ' नावाच्या एका जुन्या भारतीय भातात एक जनुक ओळखलं. ते असलं की रोपाची मुळं सुरुवातीलाच जोमाने वाढतात आणि गरीब मातीतूनही स्फुरद ओढून घेतात. भरपूर खताच्या जमिनीसाठी निवडलेल्या अनेक आधुनिक वाणांत ते जनुक नाहीच. पोटभर जेवण मिळतंय म्हटल्यावर चिकाटीची गरज कोणाला वाटली नाही.

आणि अगदी अलीकडे मादागास्करमध्ये, जिथली लाल माती आपल्या जांभ्यासारखीच स्फुरद गिळून बसते, जपानी संशोधकांनी एक साधा उपाय करून बघितला. लावणीआधी रोपाची मुळं स्फुरदाचं खत कालवलेल्या चिखलात अर्धा तास बुडवायची आणि मग लावायची. शेतभर खत फेकण्याऐवजी मुळांना चिकटेल एवढंच. थोड्या खतात जास्त भात. ते वाचताना मी मोठ्याने हसलो. आजीला फोन लावून सांगितलं, तर म्हणाली, "मग? त्यात नवीन काय?"

*

घरचं सांगून थांबतो. आमच्या गोठ्यात आता एकच म्हैस आहे. पूर्वी दोन बैलजोड्या होत्या. शेण पुरत नाही, टाहाळ तोडायला चढणारे हात नाहीत, गावातली पोरं माझ्यासारखी कुठेतरी नवव्या मजल्यावर. जंगल खात्याला १८७८ च्या कायद्याने जे जमलं नाही ते याने बहुतेक जमेल. राब भाजणारी घरं आमच्याकडे दरवर्षी कमी होतायत.

गेल्या मे महिन्यात मी काकांकडे विषय काढला. या वेळी आधी विचारलं, "काका, तुम्ही काय करायचं म्हणताय?" ते म्हणाले, गिरणीवाल्याकडून तुसाची राख आणून ठेवलीय, निम्म्या दाढीत ती घालू, निम्मी नेहमीसारखी भाजू, बघू काय होतं. मी म्हटलं, हे तर अगदी मॅनसाहेबांसारखं झालं. "कोण मॅन?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला शेणाचं घमेलं उचलायला लावलं.

रोप दोन्हीकडे चांगलं आलं. राखेच्या वाफ्यात तण जास्त होतं, ते काकूने आणि मी दोन दिवस बसून काढलं. भाजलेल्या बाजूचं रोप दोन बोटं उंच होतं. एका वर्षाच्या एका वाफ्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, एवढं मी आता शिकलोय. पण पाचही खाचरं लावून झाली. त्या दोन खाचरांच्या बांधावर उभा होतो तेव्हा काका शेजारी येऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी राख जरा लवकर आणू." म्हणजे सहा वर्षांपूर्वीचा माझा हिशेब त्यांनी चुकता धरला असावा.

चूभूदेघे.